लसूण, ओवा, हळद, खोबरेल: जंतू मारतात खरं, पण कुठे?

यीस्ट, बॅक्टेरिया आणि व्हायरस तिन्हीवर एकच नैसर्गिक कॅप्सूल, अशा जाहिराती हल्ली मोबाईल उघडला की दिसतात, आणि मग सोलापुरात ओळखीतलं कुणीतरी विचारतंच की पिझ्झावरच्या ओरेगॅनोचं ऑइल भारी का लसणाची गोळी भारी का खोबरेल तेल. माझं म्हणणं आहे की यातलं जास्त पॉवरफुल कुठलं हे विचारून काही हाती लागत नाही. ती वस्तू आजार जिथे आहे तिथपर्यंत पोचते का, आणि पुरेशी पोचते का, ते विचारा.

आधी हे तीन शत्रू किती वेगळे आहेत ते बघा. बॅक्टेरिया म्हणजे स्वतंत्र एकपेशीय जीव, त्यांच्याभोवती एक भिंत असते जी आपल्या पेशींना नसते, म्हणून पेनिसिलिन ती भिंत बनू देत नाही आणि आपल्याला धक्का लागत नाही. यीस्ट म्हणजे कॅन्डिडा वगैरे, ही बुरशीची जात, तिची पेशी आतून बरीचशी आपल्यासारखीच, त्यामुळे तिला मारून आपल्याला वाचवणं अवघड, मग औषधवाल्यांनी एक फरक शोधला: आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल, फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध ते एर्गोस्टेरॉल बनणंच थांबवतं. व्हायरसचं तर सगळंच वेगळं, तो आपल्याच पेशीत घुसून तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या कॉप्या काढतो. असायक्लोविर हे नागिणीचं औषध बघा, ते व्हायरसने पकडलेल्या पेशीत व्हायरसच्याच एन्झाइमने चालू होतं, बाकी पेशींत जवळपास झोपलेलंच राहतं. हे काम करणाऱ्यांपैकी गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं.

आता सांगा, जी वस्तू या तिघांनाही सरसकट मारते ती कशी मारत असेल? बहुतेक वेळा पडदा फोडून, आणि पडदा तर आपल्या पेशींनाही आहे.

लसणापासून सुरू करू कारण आपली शेंगा चटणीच त्याच्यावर उभी आहे. अख्ख्या पाकळीत जंतू मारणारं ॲलिसिन जवळजवळ नसतंच, असतं ते ॲलिइन, आणि ॲलिनेझ नावाचं एन्झाइम वेगळ्या कप्प्यात, उखळात कुटलं की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदात ॲलिसिन तयार होतं, तोच तो झणझणीत वास. 1944 मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढून दाखवलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत ते बॅक्टेरियावर चालतं, कॅन्डिडावरही चालतं, यात शंका नाही. पण ॲलिसिन गंधक असलेल्या प्रोटीनला दिसेल तिथे चिकटतं, म्हणून जंतू मारतं आणि म्हणूनच पोटात गेल्यावर रक्तापर्यंत पोचायच्या आत संपून जातं, कच्चा लसूण भरपूर खाल्ला तरी रक्तात ॲलिसिन म्हणून ते सापडत नाही. शिवाय फोडणीत आधीच अख्खी पाकळी तापवली की एन्झाइम मरतं, मग ॲलिसिन बनतच नाही. सर्दीसाठी लसणाच्या गोळीचा एक बरा ट्रायल आहे, 146 लोकांचा, त्यात सर्दी कमी झाली, पण एकाच ट्रायलवर मी तरी निकाल देणार नाही.

ओवा आणि ओरेगॅनो हे कामाने सारखेच धरा. ओव्याच्या तेलात थायमॉल, ओरेगॅनोच्या तेलात कार्व्हाक्रोल, दोन्ही रेणू जवळजवळ सारखे, दोन्ही पडदा फोडणारे. म्हणजे परदेशी बाटलीला जे पैसे देताय तसलंच काम करणारा पदार्थ घरच्या डब्यात आहे. आता आकडे बघा. कॅन्डिडाच्या साध्या जातीला रोखायला फ्लुकोनाझोल लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आत पुरतं, थायमॉल साधारण शंभर मिलिग्रॅमच्या पुढे लागतं. फ्लुकोनाझोल गिळलं की नव्वद टक्क्यांहून जास्त रक्तात जातं आणि साधारण तीस तासांनीही निम्मं शिल्लक असतं, उलट थायमॉलची छोटी गोळी देऊन लोकांचं रक्त तपासलं तेव्हा मोकळं थायमॉल सापडलंच नाही, शरीराने त्याला सल्फेट जोडून ते निकामी करून टाकलेलं. पण तोंडात? तोंडात ते थेट भिडतं, म्हणून लिस्टरिनसारख्या माउथवॉशमध्ये थायमॉल आहे आणि तिथे ते काम करतं. गोष्ट एकच, जागा बदलली की उत्तर बदलतं.

हळदीचंही तसंच. तिच्यातलं कर्क्युमिन दिवसाला 8 ग्रॅम दिलं तरी रक्तात अगदी थोडं पोचतं, म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पिपेरिन घालतात, 1998 च्या एका भारतीय अभ्यासात त्याने रक्तातलं प्रमाण वीस पट वाढलं, पण यकृताला इजा झाल्याच्या केसेससुद्धा अशाच जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या आल्यात, भाजीतल्या हळदीच्या नाहीत. गुळवेलीचंही आठवत असेल, कोरोनात घरोघर काढे चालू होते, 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद छापली, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला, पण कावीळ किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये एवढं मी नक्की म्हणेन.

खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, त्यापासून बनणारं मोनोलॉरिन थाळीत चरबीचं कवच असलेले व्हायरस फोडतं. फ्लू, कोरोना, डेंग्यू यांना असं कवच असतं, रोटाव्हायरसला नसतं. पण डेंग्यूचा व्हायरस पेशीच्या आत बसलेला असताना चमचाभर खोबरेल तिथे कसं जाणार? डेंग्यूत पाणी, आराम, पॅरासिटामॉल आणि लक्ष ठेवणं हेच, खोबरेलाच्या नादात दिवस घालवू नका.

सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट द्राक्षाच्या नाही, ग्रेपफ्रूट नावाच्या मोठ्या लिंबूवर्गीय फळाच्या बियांच्या अर्काची. तिन्ही प्रकारांवर चालतो म्हणून त्याचं फार नाव होतं. 1999 मध्ये जर्मनीत बाजारातले सहा अर्क तपासले, पाच जंतू मारत होते, आणि त्या पाचांतही बेन्झेथोनियम क्लोराइड नावाचं कृत्रिम जंतुनाशक निघालं. सहावा, ज्यात काही मिसळलेलं नव्हतं, त्याने काहीच मारलं नाही. नंतर अमेरिकेतही अशा अर्कांत कृत्रिम जंतुनाशकं सापडली. लोक नैसर्गिक समजून फरशी पुसायच्या जातीचं रसायन पोटात घेत होते, हे वाचून मला आजही राग येतो.

आणि जिथे पुरावा आहे ते सांगायलाच पाहिजे. क्रॅनबेरी जंतू मारत नाही, ई. कोलाय या बॅक्टेरियाला मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू देत नाही, 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी ही संस्था) 50 अभ्यास बघितले तेव्हा वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत ते साधारण चतुर्थांशाने कमी झालं, मात्र हे टाळण्यासाठी, झालेलं बरं करण्यासाठी नाही. मध जखमेवर चालतो, एक वर्षाखालच्या बाळाला मात्र चाटवूसुद्धा नका, बोटुलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. टी ट्री तेलाचा 5 टक्के शांपू कोंड्यावर चालला, तो कोंडा एका यीस्टशी जोडलेला आहे, पण हेच तेल प्यायलं तर विषारी.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात जांघेत, काखेत खाज सुटते, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्यांना जास्तच. ती यीस्ट असेल किंवा नायटा, नायटा ही बुरशीचीच दुसरी जात, आणि भारतात तिची टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी जात पसरलीय. तिथे स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आत मजेत वाढते, कडुलिंबाचा पाला लावून महिना घालवला तरी तेच. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन खरवडून नमुना मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. अंगावरून पांढरं वारंवार जातंय किंवा यीस्ट परत परत होतंय तर शुगर तपासा, आणि अलीकडे अँटिबायोटिकचा कोर्स झालाय का ते सांगा, कारण योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले बॅक्टेरिया मेले की कॅन्डिडाला मोकळं रान मिळतं.

बाटली हातात घेतलीच तर लेबल वाचा. सप्लिमेंट हे कायद्याने अन्न आहे, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने त्यावर औषधी वापरासाठी नाही असं छापावं लागतं आणि आजार बरा करतो असा दावा करता येत नाही. एचआयव्हीच्या सॅक्विनाव्हिर औषधाची रक्तातली पातळी लसणाच्या गोळ्यांनी निम्म्यावर आली होती, म्हणून आधीच कुठलंही औषध चालू असेल तर ही यादी डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दात काढायचा असेल तर लसणाची कॅप्सूल घेताय हे नक्की सांगा. जेवणातल्या चटणीची काळजी करायची गरज नाही.