हॉल की होल? इंग्रजीतला ऑ आणि ओ

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच आमच्या घरचं लग्न आलं. फोंड्याला हॉल घेतला होता. मुंबईच्या पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून पाचवीतल्या भाच्याने मोबाइलवर इंग्रजीत निरोप टाईप केला. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, ही गोव्यातली नेहमीची वाट. सहा महिन्यांच्या ताज्या इंग्रजीच्या जोरावर त्याने हॉलचं स्पेलिंग केलं एच-ओ-एल-ई. लग्न देवळामागच्या भोकात आहे, असा निरोप पंधरा घरांत गेला.

पोराचा उच्चार चुकला नव्हता. तो 'हॉल'च म्हणतो. मराठीत लिहिताना काण्यावर अर्धचंद्र दिला की ऑ होतो आणि काम संपतं. इंग्रजीत असं वेगळं चिन्ह नाही, म्हणून त्याला जे अक्षर जवळचं वाटलं ते त्याने वापरलं.

हनुवटीवर बोट ठेवून म्हणून बघा: होल, बोल, कोल, लो. ओठांचा चंबू होतो, बोट फारसं हलत नाही. आता म्हणा: हॉल, बॉल, कॉल, लॉ. जबडा खाली येतो आणि बोटही त्याच्याबरोबर उतरतं. फरक एवढाच, पण त्याने कोळशाचा फोन होतो आणि वाडग्याचा चेंडू.

स्पेलिंगसाठी माझा एक ठोकताळा आहे. लांब ऑ असेल तर बहुतेकदा ए हे अक्षर पुढे उभं असतं आणि त्याच्या पाठीला एल, यू किंवा डब्ल्यू: बॉल, चॉक, ऑटो, लॉ, डॉटर. ओ असेल तर पुढे ओच असतो, मग मागे ए येवो (कोट, कोस्ट), डब्ल्यू येवो (लो, स्नो) नाहीतर शेवटी मुका ई बसो (होम, नोट). तो मुका ई काढला की ओ आखूड होऊन ऑ होतो. नोटचा नॉट, होपचा हॉप. 'नॉर्थ गोवा'तला ऑ मात्र ओ-आर असा लिहितात, तो ठोकताळ्यात बसत नाही. पोस्ट आणि कॉस्टही बसत नाहीत: पहिलं अक्षर सोडलं तर स्पेलिंग तेच, उच्चार वेगळे. ही जोडी सरळ पाठ करावी.

ओ-ए म्हणजे ओ, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं की गोव्याचं नावच आडवं येतं. बोट, गोट, कोट यांत ओ आणि ए मिळून एकच स्वर होतो. गोटमधली शेवटची टी खोडली की उरतं गोव्याचं इंग्रजी स्पेलिंग, पण तिथे दोघे फारकत घेतात: गो-अ. शेळीची शेपटी कापली की गोवा, असं मी शिकवणीत सांगतो. मुलं हसतात आणि विसरत नाहीत.

हा ओ-ए आला कुठून? मध्ययुगातल्या इंग्रजीत लांब ओ दोन होते, एक उघडा आणि एक मिटका. बोटचा उच्चार तेव्हा बॉटच्या जवळचा होता आणि फूडचा फोडच्या. लिहिताना ते वेगळे दिसावेत म्हणून मिटक्याला डबल ओ आणि उघड्याला ओ-ए ही सोय रूढ झाली. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला १४७६ साली. छापखान्यांमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, पण लोकांच्या तोंडातले स्वर चढतच राहिले. फोड होता त्याचा फूड झाला, बॉट होता त्याचा बोट. मोकळ्या झालेल्या ऑच्या जागेवर ए-यू आणि ए-डब्ल्यूवाले शब्द येऊन बसले. एकटा 'ब्रॉड' जागचा हलला नाही, म्हणून ओ-ए असूनही तो ब्रोड होत नाही.

आमच्याकडे कोंकणी बोलणाऱ्या मुलांना ही गोष्ट पटकन कळते. कोंकणीत आजही उघडा आणि मिटका असे दोन ओ आहेत, आणि देवनागरीत दोन्हींना ओ हे एकच अक्षर. लिहिलंय एक आणि म्हणायचंय दुसरं, याची त्यांना घरूनच सवय.

ओ-यू-जी-एच या चौकडीबद्दल न बोललेलं बरं. 'दो'मध्ये (टी-एच-ओ-यू-जी-एच, म्हणजे 'तरी') ती ओ होते आणि पुढे टी जोडून 'थॉट' केला की ऑ. मधला जी-एच पूर्वी घशातून ख़सारखा म्हणत. तो आवाज गेला, अक्षरं राहिली.

तर भाच्याला मी सांगितलं, ऑ आहे, ए लागणार, पाठीला यू, डब्ल्यू नाहीतर एल. त्याने विचार करून दुसरा निरोप पाठवला: एच-ए-यू-एल. उच्चार तंतोतंत हॉल. फक्त त्याचा अर्थ, जाळ्यात एका वेळी सापडलेली मासळी.