रक्तात लोह, पिसात तांबं

पोपटाचं हिरवं पीस खलात बारीक कुटलं तर हिरवा रंग नाहीसा होतो, उरते मळकट पिवळसर भुकटी. हिरवं द्रव्य तिथे नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परतणारा निळा प्रकाश आणि पिवळं रंगद्रव्य यांची ती बेरीज असते. मोराचा हिरवाही रचनेचाच खेळ.

आफ्रिकेतले फळं खाणारे टुराको पक्षी मात्र या बाबतीत सच्चे. त्यांचा हिरवा खरोखर हिरवा, आणि पंख उघडताच झळकणारा किरमिजी लालही अस्सल. दोन्ही रंगद्रव्यांत तांबं आहे!

यातलं लाल द्रव्य, टुरासिन, आर्थर चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६९ साली जगापुढे मांडलं. आपल्या रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीम या द्रव्यात पॉर्फिरिन नावाचं अणूंचं कडं असतं. त्यातले चार नायट्रोजन अणू मधल्या लोहाच्या अणूला धरून ठेवतात. हरितद्रव्यात तशाच कड्यात मॅग्नेशियम असतं, टुरासिनमध्ये तांबं. हीम तयार होताना वाटेत युरोपॉर्फिरिनचा टप्पा लागतो. टुरासिन म्हणजे त्याच टप्प्यावर थांबून तांबं पोटात घेतलेलं कडं. वजनाच्या सुमारे ७ टक्के निव्वळ तांबं! या कड्याला बाहेरून आठ कार्बोक्सिल गट लटकलेले असतात. ते आम्लधर्मी, म्हणून टुरासिन सौम्य अल्कलीत विरघळतं, साध्या पाण्यात नाही. पावसात टुराकोचा लाल रंग धुऊन जातो, ही कथा तरीही मोठ्या चवीने सांगितली जाते. तसं असतं तर दमट जंगलातला हा पक्षी एव्हाना फिका पडला असता.

याच कुळातला बॅनरमनचा टुराको आज संकटग्रस्त आहे. हिरवं अंग, लाल तुरा, पिवळी चोच. १९२३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. जगात तो फक्त पश्चिम कॅमेरूनच्या डोंगराळ जंगलात सापडतो. शेती, गुरंशेळ्यांची चराई आणि वणवे यांनी ते जंगल कुरतडून तुकडे उरलेत. त्यातला मोठा तुकडा ओकू सरोवराभोवतीचं किलुम-इजिम जंगल. तिथे १९८७पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धनाचं काम सुरू झालं. परक्यांनी कुंपण घालून जंगल वाचवण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. कारण तिथल्या लोकांना टुराको नवा नाही: मोठं कर्तृत्व गाजवणाऱ्याच्या टोपीत त्याचं लाल पीस मानाने खोवलं जातं.