आधी बाटली, मग व्हिडिओ

पाण्याच्या दोन बाटल्यांचे तळ कापले, तोंडाला सुती फडकं बांधलं आणि वर्गातल्या खिडकीच्या गजाला उलट्या टांगल्या. एकीत शाळेमागची तांबडी माती, दुसरीत निपाणीकडून पिशवीत आणलेली काळी ढेकळं, उन्हात तडकलेली. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, आठवीचा वर्ग. प्रश्न साधा होता: पाणी आधी कुठून गळेल?

अंदाज कारणासकट वहीत लिहायचा, मगच पाणी ओतायचं. जवळजवळ सगळ्यांनी तांबडी लिहिली. ‘काळी माती पाणी धरून ठेवते’ हे वाक्य पोरांना पाठ होतं. एकेक तांब्या ओतला, तर काळ्या मातीतून धार लागली आणि तांबडीतून थेंब थेंब. मागून एक जण ओरडला, “सर, पुस्तक चुकलंय!” थोड्या वेळाने दुसरा तांब्या ओतला. आता काळ्या मातीवर पाणी तळं होऊन बसलं. वर्ग एकदम गप्प झाला.

मी व्हिडिओ लावला तो या क्षणी. कारण इथून पुढचं डोळ्यांना दिसणारं नाही. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून लहान असतो. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज पातळ पापुद्र्यांचं, एकेक पापुद्रा साधारण 1 नॅनोमीटर जाड. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं, ते एकमेकांपासून लांब सरकतात आणि माती फुगते. पहिलं पाणी ढेकळांमधल्या फटींतून पळालं, पण जाता जाता त्याने त्या फटीच बुजवल्या. तांबड्या मातीत केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं जास्त, तिचे थर पक्के जखडलेले, त्यामुळे ती फारशी फुगत नाही. हे पापुद्रे सरकताना दाखवायला पडद्यासारखं साधन नाही. पण धार आधी पाहिली नसती, तर तो व्हिडिओ आणखी एक पाठांतर झाला असता.

ऑनलाइन आणि वर्गातलं शिक्षण जोडायचं म्हणजे घरी व्हिडिओ, शाळेत प्रयोग, असा क्रम बहुतेक ठिकाणी सांगतात. विज्ञानाच्या धड्यांना मला उलटा क्रम जास्त पटतो. मनू कपूर या संशोधकाने 2008 पासून ‘फलदायी अपयश’ या नावाने हेच मांडलं: मुलांना आधी प्रश्नाशी झगडू द्या, चुकू द्या, स्पष्टीकरण नंतर द्या. चुकलेला अंदाज आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते दाखवतो आणि उत्तराची भूक लावतो. मात्र झगडण्यापुरती तयारी हवी. अगदी लहान मुलांना हा क्रम तसाच लावू नये.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. मराठीतले चांगले व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे, आमची पुस्तकं कर्नाटकाची. धडे तंतोतंत जुळत नाहीत. त्यात पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते, कधी करंटच जातो. म्हणून मी लागणारे तीन-चार मिनिटांचे तुकडे आधीच उतरवून ठेवतो. सबंध धडा मोबाइलवर सोपवावा असं मला कधीच वाटलेलं नाही.

एका पालकांनी काळजीनं विचारलं, “गुरुजी, पोरं दिवसभर मातीतच खेळत्यात म्हणं?” त्यांचं चुकत नव्हतं, खेळासारखंच दिसतं ते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः खटपट करून शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांना. डोक्याला ताण पडला की शिकणं कमी झाल्यासारखं वाटतं. ते पालक पुढच्या आठवड्यात वर्गात येऊन बसले, बाटली त्यांनीच धरली.

तास संपताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, आमच्या भाताच्या शेतात तांबडीच माती आहे की. मग त्यात पाणी कसं थांबतंय?”

मी उत्तर सांगितलं नाही, व्हिडिओही शोधला नाही. तिच्या घरी रोपलावणीआधी चिखलणी होते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तिने बादलीत तांबडी माती पाण्यासकट हातांनी तुडवून तुडवून लोण्यासारखी केली आणि तिसऱ्या बाटलीत भरली. वर तांब्या ओतला. बाटलीखाली वाटी ठेवून सगळा वर्ग वाट बघत उभा राहिला.