मोठा मोबाईल नाही म्हणून मूल मागं पडतं?

"पोराला पहिलीत घातलं, पण घरात मोठा मोबाईल नाही. आता ते मागं पडणार." सांगली-साताऱ्यातल्या जत, माण, खटावकडं जूनमध्ये हे हमखास कानावर येतं. तसं काही नाही.

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. शाळेतल्या मेळाव्यात मुलाची तयारी बघतात आणि पुढं घरी करायच्या कृती आईला सांगतात. त्यांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतात, हे खरं. पण ते मुलानं बघत बसायला नसतात, आईसाठी असतात. कामाचा सगळा पाया माता पालक गट. वस्तीवरच्या चारपाच जणी जमल्या आणि त्यातल्या एकीजवळ फोन असला की भागतं. कृती तरी कसल्या? शेंगदाणे मोजायचे, मिसळलेल्या डाळी निवडायच्या, लहानमोठी भाकरी ओळखायची. यातलं काहीच स्क्रीनवर होत नाही.

उलट शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणं म्हणजे शाळेशी जोडलेलं असणं, हाही भ्रमच. सूचनेखाली अंगठा टाकला, झालं! जतच्या पूर्वेला बऱ्याच घरांत कानडी बोलतात. तिथं टाईप केलेल्या लांबलचक मराठी निरोपापेक्षा बाईंनी बोलून पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा निरोप जास्त कामाचा.

आणि हक्काचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तिथं बसायला मोबाईल लागत नाही.