केशचक्र

केशचक्र : प्रत्येक केशपुटकात (त्वचेतील ज्या पिशवीसारख्या खळग्यातून केस उगवतो त्यात) केसाची वाढ, ऱ्हास व विश्रांती यांची आळीपाळीने, बहुधा आयुष्यभर चालणारी आवर्तने. त्वचेबाहेर दिसणारा केस केराटीन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. वाढ होते ती पुटकाच्या तळाशी, केशकंदात; तेथे रक्तवाहिन्यांनी युक्त अंकुरकाभोवतीच्या (तळातून वर आलेल्या लहान उंचवट्याभोवतीच्या) पेशी झपाट्याने विभागत असतात.

अवस्थांची ॲनाजेन (वाढ), कॅटाजेन (ऱ्हास) व टेलोजेन (विश्रांती) ही रूढ नावे संशोधक ड्राय यांच्या १९२६ मधील उंदरांवरील अभ्यासातून आली. मानवी डोक्यावर त्या अनुक्रमे सु. २ ते ६ वर्षे, २ ते ३ आठवडे व सु. ३ महिने टिकतात. केस महिन्याला सु. १ सेंमी. वाढतो. भुवईचा केस आखूड राहतो तो मुख्यतः त्याची वाढीची अवस्था काही महिन्यांतच संपते म्हणून. उंदरात शेजारची पुटके लाटेसारखी एकत्र वाढतात. माणसात प्रत्येकाचे चक्र बव्हंशी स्वतंत्र असते, म्हणून रोज ५० ते १०० केस गळूनही डोके विरळ दिसत नाही.

ऱ्हासावस्थेत पुटकाचा खालचा भाग नष्ट होतो. मग नवा केस येतो कोठून? मूलपेशी (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होत राहतात त्या) केशकंदातच असतात, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. कोट्सारेलिस, सुन व लाव्हकर यांनी १९९० मध्ये उंदरांत दाखवले की, मूलपेशींप्रमाणे क्वचित विभागणाऱ्या पेशी वर, रोमांच उभे करणारा स्नायू पुटकाला जोडलेला असतो तेथील फुगवट्यात असतात. हेच मत आता अधिक ग्राह्य वाटते. मात्र मानवी पुटकात फुगवटा तितका ठळक नसतो, आणि नव्या चक्राच्या आरंभी प्रथम विभागतात त्या फुगवट्याखालच्या केशबीजातील पेशी, असे नंतरच्या संशोधनात दिसले. पुरुषांच्या टकलातही मूलपेशी टिकून असतात. घटतात त्या त्यांपासून होणाऱ्या, पुढे केस घडवणाऱ्या पूर्वग पेशी, असे २०११ मधील संशोधनात दिसले. त्यामुळे टकलातील पुटक मृत मानणे बरोबर नाही. ते आकाराने लहान होत गेलेले असते.

डोक्यावरील पुटके गर्भावस्थेतच तयार होतात; जन्मानंतर त्यांची संख्या वाढत नाही. जावळ काढल्याने पुढचे केस दाट येतात हा समज म्हणूनच टिकत नाही : वस्तरा केशकंदापर्यंत पोहोचत नाही, आणि कापलेले टोक बोथट असल्याने केस जाड भासतो. बाळाच्या डोक्याच्या मागच्या भागातील पुटके जन्माच्या सुमारास विश्रांतीत जातात. तेथले केस दोन-तीन महिन्यांत आपोआप गळतात.