विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागा

पुणे कराराचा विषय निघाला की ‘विभक्त मतदारसंघ’ आणि ‘राखीव जागा’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. दोन्हींत उमेदवार ठरावीक समाजाचाच असल्यामुळे हा घोटाळा होतो. पण मत कोणाचे, हे विचारले की दोन्ही व्यवस्था अगदी वेगळ्या दिसू लागतात. विभक्त मतदारसंघात मतदारयादीच वेगळी असते आणि त्या समाजाचा प्रतिनिधी फक्त त्या समाजाचे मतदार निवडतात. राखीव जागेवर मात्र उमेदवारीचा हक्क तेवढा मर्यादित असतो, मतदान मतदारसंघातले सगळेच करतात. १९१९ च्या भारत सरकार कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या : मुसलमानांना विभक्त मतदारसंघ होते, तर मराठा व तत्सम जातींसाठी सर्वसाधारण मतदारसंघांतल्या ७ जागा राखून ठेवलेल्या होत्या.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने, म्हणजे कोणत्या समाजाला किती जागा याबद्दलच्या ब्रिटिश सरकारच्या निर्णयाने, अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ विशेष जागा दिल्या आणि त्यासोबत दुहेरी मताचा अधिकार दिला. एक मत आपल्या विभक्त मतदारसंघात आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात, अशी ही योजना होती. हे दुसरे मत सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही, पण माझ्या मते निवाड्याचे खरे बळ त्यातच होते, कारण त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्यांच्या दारी मत मागायला जावे लागले असते. अस्पृश्यांच्या विभक्त मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी डॉ. आंबेडकर आणि सवर्ण हिंदू नेते यांच्यात पुणे करार झाला. ७१ च्या जागी १४८ जागा मिळाल्या, पण विभक्त मतदारसंघ आणि दुहेरी मत दोन्ही गेले. मधला मार्ग म्हणून प्राथमिक निवडणूक ठेवण्यात आली : अस्पृश्य मतदारांनी आधी आपल्यातले चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून अंतिम निवड संयुक्त मतदारांनी करायची. ही तडजोड कुठे कमी पडली, हे १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत दिसले. अनेक ठिकाणी प्राथमिक फेरीत पुढे असलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, म्हणजे बाबासाहेबांच्या पक्षाचे, उमेदवार अंतिम फेरीत काँग्रेसच्या उमेदवारांकडून हरले. समाजाने पहिली पसंती दिलेला माणूस बहुसंख्याकांच्या मतांनी मागे पडू शकतो, ही बाबासाहेबांची तक्रार त्यामुळे केवळ तात्त्विक राहिली नाही. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी विभक्त मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली, ती या अनुभवानंतर.

संविधान सभेत वारे उलट दिशेने वाहत होते. फाळणीच्या छायेत विभक्त मतदारसंघ हा शब्दच फुटीचा वाटू लागला होता. ऑगस्ट १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील अल्पसंख्याकविषयक सल्लागार समितीच्या अहवालावर चर्चा झाली, तेव्हा मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ ठेवण्याची मुस्लीम लीगचे सदस्य बी. पोकर यांची सूचना फेटाळली गेली. राखीव जागेवरच्या विजयी उमेदवाराला स्वतःच्या समाजाची किमान ३५ टक्के मते मिळालीच पाहिजेत, ही अनुसूचित जातींतले सदस्य एस. नागप्पा यांची सूचनाही सभेने स्वीकारली नाही. दोन पद्धतींमधला सांधा जोडू पाहणारी ती सूचना होती आणि तिच्यावर अधिक विचार व्हायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या वेळी मुसलमानांसाठी राखीव जागा मात्र मान्य झाल्या होत्या; त्याही मे १९४९ मध्ये वगळण्यात आल्या, आणि बेगम ऐझाझ रसूल यांच्यासारख्या मुस्लीम सदस्यांनीही त्याला पाठिंबा दिला.

शेवटी अनुसूचित जाती आणि जमातींसाठी अनुच्छेद ३३० आणि ३३२ अन्वये राखीव जागा राहिल्या, त्याही अनुच्छेद ३३४ नुसार आरंभी १० वर्षांपुरत्या. ही मुदत नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला लागू नाही, हे इथे सांगायलाच हवे, कारण तीही गफलत रोज कानावर पडते. दर वेळी घटनादुरुस्तीने वाढत गेलेली ही मुदत आता २०३० पर्यंत आहे आणि लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४, तर जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. राखीव मतदारसंघात उमेदवाराला अर्जासोबत जातीचा पुरावा द्यावा लागतो. मतदाराला मात्र त्याची जात कोणी विचारत नाही, कारण अनुच्छेद ३२५ प्रमाणे प्रत्येक मतदारसंघाची मतदारयादी एकच असते आणि तिच्यात जातीचा रकाना नसतो.