जोडचाकांतली हवा : मोटरहोमच्या टायर-दाब यंत्रणेची पार्श्वभूमी

नागपुरात अमरावती रस्त्यावर वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात पहाटे थांबले, की ट्रकचा क्लीनर हातात टॉमी घेऊन गाडीभोवती फेरी मारताना दिसतो. प्रत्येक टायरवर तो एक ठोका देतो आणि आवाज ऐकतो. भरलेल्या टायरवरून टॉमी उसळते, हवा गेलेला टायर बद्द वाजतो. मागच्या जोडचाकांपाशी त्याला जास्त वेळ लागतो, कारण आतला टायर बाहेरच्याच्या आड असतो आणि टॉमी तिरकी घालावी लागते. ही परीक्षा खोटी नव्हे; पूर्ण बसलेला टायर ती हमखास पकडते. पण ज्या टायरमध्ये ८० पीएसआय हवा हवी त्यात ६५ च उरली असेल, तर तो फरक सरावलेल्या कानालाही कळत नाही, आणि टायर आतून खराब होण्याची सुरुवात नेमकी त्याच टप्प्यावर होते. टायरमधील दाबावर चालत्या गाडीत लक्ष ठेवणारी यंत्रणा, जिला सगळे टीपीएमएस म्हणतात, ती या फरकासाठी आहे. मोटारींमध्ये ती आधी अमेरिकेत कायद्याने आली. मोटरहोम, म्हणजे आपल्याकडे ज्याला कॅराव्हॅन म्हणतात ते चाकांवरचे घर, त्या कायद्याच्या बाहेर राहिले. असे का झाले हे नीट समजल्याशिवाय या यंत्रणेची निवड आणि तिचा वापर या दोन्ही गोष्टी चुकतात, असे माझे मत आहे.

हवा भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले, पण ते व्यवहारात आले ते बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ च्या पेटंटनंतर, आणि तेही आधी सायकलींवर. मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. त्याच दशकात श्रेडर कंपनीचा स्प्रिंगच्या पिनचा व्हॉल्व्ह आला. आज पंक्चरच्या दुकानात ज्या व्हॉल्व्हला नळी लावतात तो तोच, आणि मोटरहोमच्या टायरवर टोपणासारखा बसणारा सेन्सर ज्या आट्यांवर फिरवून बसवतात ते आटेही त्याच घराण्यातले. पुढची जवळपास शंभर वर्षे दाब मोजायचा तो गाडी थांबवून, गेज लावूनच.

चालत्या गाडीत दाब सांगणारी यंत्रणा असलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून १९८६ च्या पोर्शे ९५९ चे नाव घेतले जाते. ती अत्यंत महागडी, मोजक्या संख्येत बनलेली गाडी होती. १९९९ मध्ये प्योजो ६०७ या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसून येऊ लागली, तरी तोवर ती ऐषआरामाच्या सोयींमध्येच मोडत होती. ती सुरक्षिततेचा विषय झाली ती अमेरिकेतील एका मोठ्या दुर्घटनामालिकेनंतर.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. हे टायर प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर बसवलेले होते. वेगात असताना त्यांचा वरचा पट्टा सुटून येत असे आणि गाडी उलटत असे. या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. टायरच्या बांधणीतील दोष हा वादाचा मोठा भाग होताच, पण हवेचा दाब हाही तितकाच वादाचा मुद्दा ठरला. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता, तर टायर कंपनी ३० पीएसआयचा आग्रह धरत होती. आधीच कमी ठेवलेल्या दाबातून आणखी चार-पाच पीएसआय झिरपून गेले, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक जास्त दुमडतात, त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते आणि पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर सुटू लागते. हे अपघात मोठ्या प्रमाणात ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या उष्ण राज्यांत झाले, ही गोष्ट विदर्भातल्या माणसाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाहन-सुरक्षेच्या ‘ट्रेड’ (TREAD) कायद्यावर सही केली आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचे काम तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे आले. खात्याच्या पहिल्या नियमात उत्पादकांना एक स्वस्त पळवाट होती: एकाच टायरचा दाब ३० टक्क्यांनी उतरल्यावर इशारा दिला तरी चालेल. २००३ मध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण चारही टायरांतली हवा सारखीच हळूहळू कमी झाली तर अशी यंत्रणा गप्प बसते. अंतिम नियमानुसार सुचवलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, अशी अट आली, आणि सप्टेंबर २००७ पासून ती सर्व नव्या हलक्या वाहनांना लागू झाली.

मोटरहोम बाहेर राहिले ते याच नियमाच्या व्याप्तीत. नियम ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांसाठी होता आणि एका आसावर जोडचाके असलेली वाहने त्यातून स्पष्टपणे वगळली होती. मोठे मोटरहोम वजनामुळे सुटले आणि मध्यम आकाराचे मागच्या जोडचाकांमुळे. ज्या वाहनाला या इशाऱ्याची गरज सर्वांत जास्त, तेच वगळले गेले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जोडचाकांतला एक टायर बसला तरी गाडी कलत नाही आणि स्टीअरिंगवर काही जाणवत नाही, कारण शेजारचा टायर त्याचे ओझे निमूटपणे उचलतो. तो मुळात अर्ध्या ओझ्यासाठी असतो. आतला टायर तर ब्रेकच्या ड्रमला लागून, वारा कमी मिळणाऱ्या जागेत फिरतो आणि त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालून शोधावा लागतो. त्यातच मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने अंगणात उभे असते. चालक रोज गेज लावत नाही आणि टायर झिजण्याआधी म्हातारा होतो.

कायद्याने सोडलेली ही जागा बाजाराने भरली. गाड्यांच्या कारखान्यांत न बसलेली, मागाहून बसवायची यंत्रणा मोटरहोमवाल्यांसाठी तयार होऊ लागली. सुरुवातीच्या काही प्रकारांत सेन्सर पोलादी पट्ट्याने रिमला आतून आवळून बसवत; तो अचूक असे, पण त्यासाठी प्रत्येक टायर रिमवरून उतरवावा लागे. मग टोपणासारखे, व्हॉल्व्हवर बाहेरून फिरवायचे सेन्सर आले. सुरुवातीच्या काहींची बॅटरी सीलबंद होती आणि ती संपली की अख्खा सेन्सर टाकून द्यावा लागे; आता नाण्याएवढी बॅटरी घरी बदलता येते. मोटारींत स्वस्तात मिळणारा तिसरा मार्ग, म्हणजे एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा वेग ताडून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधणे, इथे कामाचा नाही. जोडचाके एकाच हबवर एकत्र फिरतात, त्यामुळे त्यांतला एक बसला तरी वेगात फरक पडत नाही.

निवड करताना आतले की बाहेरचे, हा प्रश्न पहिला येतो. आतला सेन्सर चोरीला जात नाही, धुळीत सापडत नाही आणि टायरमधल्या हवेचे तापमान खरे सांगतो. पण तो बसवायला टायर उघडावा लागतो आणि पंक्चर काढताना टायर उतरवणाऱ्याला तो आत आहे हे माहीत नसेल तर लिव्हरचा एक दणका त्याला पुरतो. महामार्गावरच्या दुकानांचा विचार करता मला बाहेरचा सेन्सर आपल्याकडे जास्त सोयीचा वाटतो, त्यातही ज्यातून तो न काढता हवा भरता येते असा प्रकार. तो तापमान मात्र जरा कमी दाखवतो, कारण तो स्वतः वाऱ्यात असतो.

बाहेरच्या सेन्सरचा खरा शत्रू व्हॉल्व्ह आहे. आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या आतल्या टायरला एका दुकानात लवचिक नळीचे एक्स्टेन्शन लावून त्याच्या टोकाला सेन्सर बसवून दिला होता. सेन्सरचे वजन दहा-पंधरा ग्रॅमच, पण चाक वेगात फिरते तेव्हा तेवढेच वजन नळीला बाहेर खेचत राहते. ताडोबाच्या वाटेवर स्क्रीनवरचा आकडा ७८ वरून ७४, मग ७१ असा उतरत गेला. गाडी बाजूला घेऊन नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा मोहरीएवढा एकेक बुडबुडा शांतपणे येत होता. टायर निर्दोष होता. हवा देखरेखीच्या सामानातूनच जात होती. तेव्हापासून मी रबरी देठाच्या व्हॉल्व्हवर किंवा लोंबत्या नळीवर सेन्सर बसवू नका असे प्रत्येकाला सांगतो. धातूचा, बाक दिलेला, घट्ट व्हॉल्व्ह आधी बसवून घ्यावा, सेन्सर मागून.

गाडीची लांबी हाही मुद्दा आहे. मागच्या आतल्या चाकाचा क्षीण रेडिओ संदेश रिम, पाण्याची टाकी आणि पोलादी तळ ओलांडून चालकापर्यंत यावा लागतो. सात-आठ मीटरच्या गाडीला मध्ये संदेश पुढे ढकलणारा रिपीटर लागण्याची शक्यता धरूनच खरेदी करावी. आणि नुसता दिवा लावणारी यंत्रणा घेऊ नये. प्रत्येक टायरचा आकडा दिसला पाहिजे, कारण वरच्या प्रसंगात ७८ वरून ७१ ला कोणताच दिवा लागला नव्हता.

पण यंत्रणेला योग्य दाब किती हे कोणीच सांगून ठेवलेले नसते. ते वजनावरून ठरते. पाण्याच्या भरलेल्या टाक्या, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, सामान आणि माणसे यांच्यासह गाडी धर्मकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलावा, जमल्यास डावी-उजवी बाजूही, आणि मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या ओझ्याला किती दाब लागतो ते पाहावे. कॅराव्हॅनमध्ये स्वयंपाकघर एका बाजूला आणि टाकी दुसऱ्या बाजूला असल्याने वजन सारखे पडत नाही. एकाच आसावर मात्र दाब सारखा ठेवायचा, तो जड बाजूच्या हिशेबाने.

हा दाब थंड टायरचा असतो, आणि नागपुरात ‘थंड’ या शब्दाचा अर्थ वर्षभरात फार बदलतो. जानेवारीच्या पहाटे १० अंश, मे महिन्याच्या दुपारी ४५. मे २०१३ मध्ये तर ४७.९ अंशांची नोंद आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो, त्याचा हिशेब साधा आहे. जानेवारीत १० अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना नुसता उभ्या उभ्या ९२ दाखवेल आणि चालून ७० अंशांपर्यंत तापला तर शंभरी गाठेल. उलट मेच्या पहाटे ३० अंशांना भरलेले ८० डिसेंबरच्या १० अंशांना ७४ वर येतात, एकही बुडबुडा न सुटता. म्हणून ऋतू बदलला की सूर्योदयाआधी, गाडी किमान तीन-चार तास उभी राहिल्यावर दाब पुन्हा लावायला हवा. तापलेल्या टायरमधून आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे ही चूक मी समृद्धी महामार्गाच्या थांब्यांवर अनेकदा पाहिली आहे. सोडलेली हवा रात्री कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त दुमडून जास्त तापतो.

इशाऱ्याच्या मर्यादा ठरवताना मोटारींच्या कायद्यातला २५ टक्क्यांचा आकडा मोटरहोमला लावू नये. ट्रकच्या धर्तीचा टायर थंड दाबाच्या ८० टक्के किंवा त्याखाली चालला, तर तो बसलेल्या अवस्थेत चालला असे समजण्याचा त्या व्यवसायात संकेत आहे. ८० पीएसआयच्या टायरला मोटारींचा नियम ६० ला दिवा लावेल, म्हणजे ६४ ची ती हद्द कधीच ओलांडल्यावर. खालची मर्यादा दहा ते पंधरा टक्क्यांवर, म्हणजे ७२ ते ६८ च्या आसपास ठेवावी. वरची सुमारे पंचवीस टक्क्यांवर, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी वाजेल आणि आठवड्यात कोणीतरी आवाज बंद करून ठेवेल. एकाच टायरचे तापमान बाकीच्यांपेक्षा चढत असेल, तर पुष्कळदा दोष हवेचा नसून अडकलेल्या ब्रेकचा किंवा बेअरिंगचा असतो.

युरोपात मोटारींसाठी ही सक्ती २०१२ ते २०१४ दरम्यान आली आणि ट्रक, बस व जड ट्रेलरपर्यंत ती जुलै २०२२ पासून पोहोचू लागली. जोडचाके कायद्याच्या नजरेत यायला इतका काळ गेला. आपल्याकडे या यंत्रणेसाठी एआयएस-१५४ आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ अशी मानके आहेत. जुलै २०२० च्या केंद्रीय दुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत दुरुस्ती संच आणि टीपीएमएस असल्यास स्टेपनीची सक्ती काढली. यंत्रणा सर्वांना बंधनकारक मात्र केली नाही. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे, आणि नागपूरहून शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. शिवमडक्यापासून निघाले की काँक्रीटवर तासन्तास एकाच वेगाने धावणारी जड गाडी, असा प्रवास विदर्भातल्या कॅराव्हॅनला त्याआधी फारसा माहीत नव्हता.

अशा रस्त्यावर खालचा इशारा वाजला, तर वेग हळूहळू कमी करून बाजूला थांबावे आणि आकडा किती वेगाने उतरतो आहे ते पाहावे. दाब ८० टक्क्यांच्या खाली जाऊन काही किलोमीटर गाडी चालली असेल, तर त्या टायरमध्ये नुसती हवा भरून पुढे निघू नये. बाजूतल्या पोलादी तारा दुमडून तुटलेल्या असू शकतात आणि तसा टायर हवा भरतानाच पिशवीची चेन उघडल्यासारखा फाटतो. तो उतरवून आतून तपासल्यावर, आणि जाणकार दुकानात लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवूनच, त्यात पुन्हा हवा भरावी. त्याच्या जोडीच्या टायरनेही तेवढे अंतर दुप्पट ओझे वाहिलेले असते, म्हणून त्याच वेळी तोही उतरवून घ्यावा.